मुळांच्या आश्रयाने जगणारी बुरशी

मर, भुरी, तांबेरा अशा रोगांमुळे शेतकऱ्याच्या तोंडी 'बुरशी' हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरातच येतो. पिकाला पोसणारी बुरशीही असते, हे विज्ञानालाही उशिरा आणि काहीसे आडवाटेनेच कळले. ट्रफल या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या शासनाने अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले होते. तो हेतू बाजूला राहिला. मात्र झाडांच्या कोवळ्या मुळांना वेढून असणारी बुरशी त्यांच्या नजरेत भरली आणि १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला 'मायकोरायझा', म्हणजे 'बुरशी-मूळ', हे नाव दिले.

बहुतेक पिकांच्या मुळांतली बुरशी याहून वेगळ्या प्रकारची असून ती थेट मुळाच्या पेशींत शिरते. तिचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद व जस्त आणून देतात आणि मोबदल्यात पिकाकडून शर्करा व स्निग्ध पदार्थ घेतात. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉसे यांनी १९५०च्या दशकात स्ट्रॉबेरीवर केलेल्या प्रयोगांपासून या प्रकाराच्या अभ्यासाला खरा वेग आला. अडचण एवढीच की ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही.

या अडचणीचा अर्थ शेताच्या पातळीवर ऑस्ट्रेलियात स्पष्ट झाला. ईशान्य भागातल्या, आपल्या काळ्या मातीशी नाते सांगणाऱ्या जमिनी ओल साठावी म्हणून दीर्घकाळ पडीक ठेवल्या जात, पण ओल असूनही पुढचे पीक खुरटे राही आणि त्यात स्फुरद-जस्ताची कमतरता दिसे. तणही नसलेल्या त्या रानात बुरशीला यजमानच उरला नव्हता, असा उलगडा जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये मांडला. वारंवार नांगरट केल्यास तंतूंचे जाळे तुटते आणि स्फुरदयुक्त खत भरपूर मिळाले की पिकालाच या भागीदाराची फारशी गरज उरत नाही, हेही अभ्यासांतून पुढे आले. या बुरशीचे विकतचे पाकीट आणून शेतात टाकण्याआधी खरे तर हे पाहायला हवे.

बुरशी वाढवण्याची पद्धतही याच अटीवर बेतलेली आहे. निर्जंतुक केलेल्या मातीच्या कुंड्यांत मका किंवा ज्वारी लावून तिच्या मुळांवर बुरशी वाढू दिली जाते, मग रोप वरून कापून मुळांचे तुकडे व बीजाणूंसह तीच माती विरजणासारखी वापरली जाते. मोहरी, कोबी, पालक यांची मुळे मात्र या बुरशीला सहसा थारा देत नाहीत, म्हणून विरजणासाठी ती कामाची नाहीत.