शिंगाचे धनुष्य आणि खानदेशचे हवामान

खानदेशात धनुष्य म्हटले की सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा लोकांचा बांबूचा तीरकामठा आठवतो. त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच पातळ, चिवट पट्टीची असते. मात्र तापीच्या या खोऱ्यात एके काळी अगदी वेगळ्या जातीचे धनुष्यही वावरले आहे. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. मोगल घोडेस्वारांची कमान एका लाकडाची नसे. म्हशीचे शिंग, लाकूड आणि जनावराची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) हे तिन्ही सरसाने, म्हणजे कातडे उकळून काढलेल्या चिकट द्रवाने, एकजीव करून ती घडवलेली असे. शिंगाचे धनुष्य त्यापूर्वीही भारताला ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांची नोंद आहे.

आज जगभरचे हौशी आणि व्यावसायिक कारागीर हीच कमान एपॉक्सी (घट्ट होणारा कृत्रिम राळेचा चिकटा), फायबरग्लास आणि कार्बन फायबर वापरून बनवतात. नव्या सामग्रीमुळे धनुष्य अधिक ताकदवान होते म्हणून हा बदल झाला, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ताकदीचा भाग त्यात दुय्यम आहे. खरा प्रश्न ओलाव्याचा आणि उष्णतेचा आहे, आणि तो समजून घ्यायला खानदेशाइतका चांगला प्रदेश क्वचितच सापडेल.

धनुष्य ओढले की त्याच्या भुजा वाकतात. लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते; धनुर्धराकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते; मधल्या थरावर जवळजवळ काहीच ताण येत नाही. भुजा जितकी जाड आणि तिचा बाक जितका तीव्र, तितके पाठीला अधिक लांबावे लागते आणि पोटाला अधिक आकसावे लागते. लाकूड साधारण 1 टक्क्यापर्यंत हे सहन करते, त्यापुढे ते कायमचे वाकते किंवा तडकते. म्हणून लाकडी धनुष्य लांब ठेवावे लागते, आणि लांब धनुष्य घोड्यावर बसून चालवणे अवघड असते. शिंग दाबाखाली याच्या तिप्पट-चौपट आकसू शकते आणि कंडरा तर ताणाखाली त्याहूनही जास्त लांबते. कंडरेची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे 20 किलो, म्हणजे धनुष्याच्या लाकडाच्या चौपट भरते. शिंगाची दाब सोसण्याची क्षमता सुमारे 13 किलो, म्हणजे कठीण लाकडाच्या दुप्पट असते. पोटाला शिंग, पाठीला कंडरा आणि मध्ये दोघांना धरून ठेवणारे लाकूड, ही वाटणी प्राचीन कारागिरांनी कोणत्याही सूत्राशिवाय अचूक साधली होती.

आता शिंग निवडण्याकडे वळू. मुऱ्हा म्हशीचे शिंग जिलेबीसारखे वळलेले असते, त्यातून सरळ पट्टी निघत नाही. पंढरपुरी म्हशीची लांबलचक शिंगे या कामासाठी उत्तम. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. तो काढून टाकून बाहेरच्या केराटिनच्या कवचातून दीड-दोन फूट लांबीची पट्टी कापतात. केराटिन हे केसांचे आणि नखांचेही प्रथिन असल्यामुळे करवत जोरात चालली की जळक्या केसांचा वास सुटतो. उकळत्या पाण्यात ठेवलेली पट्टी मऊ पडते आणि दोन फळ्यांमध्ये शिकंजाने दाबून सपाट करता येते. पट्टीच्या आणि लाकडाच्या, दोन्हींच्या पृष्ठभागांवर एकमेकांत बसतील अशा बारीक उभ्या खाचा दातेरी हत्याराने पाडतात, कारण खाचांमुळे सरसाला धरण्यासाठी कितीतरी जास्त क्षेत्रफळ मिळते.

कंडरेचे काम त्याहून चिकाटीचे आहे. जनावराच्या पायातील कंडरा वाळवून, हातोडीने ठेचून, केसांसारखे तंतू मोकळे करतात. ते विंचरून, गरम पातळ सरसात भिजवून, लाकडाच्या पाठीवर उभ्या थरांनी बसवतात. कंडरा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाची असते आणि कातडे उकळून काढलेला सरसही कोलॅजनचाच, त्यामुळे दोघांचे चांगले जमते. पाणी उडून जाताना सरस आणि कंडरा दोन्ही आकसतात आणि भुजेला उलट दिशेने खेचतात. पूर्ण वाळलेल्या, दोरी उतरवलेल्या धनुष्याची टोके पुढच्या बाजूला इतकी वळतात की काही प्रकारांत ती एकमेकांना जवळजवळ भिडतात. त्यामुळे दोरी चढवतानाच भुजांमध्ये बराच ताण साठतो आणि ओढ सुरू होताच हाताला जोर लागतो. ओढीचा आलेख काढला तर त्याखालचे क्षेत्रफळ, म्हणजेच बाणासाठी उपलब्ध होणारी ऊर्जा, सुरुवातीपासूनच भरघोस असते. या आकसण्यासाठी वेळ द्यावाच लागतो. ‘काओ गोंग जी’ या प्राचीन चिनी ग्रंथात हिवाळ्यात लाकूड चिरावे, वसंतात शिंग भिजवावे, उन्हाळ्यात कंडरा तयार करावी आणि शरदात तिन्ही जोडावीत, असे वेळापत्रकच दिले आहे.

दोष एवढाच की सरस पाण्याने जुळतो आणि पाण्यानेच सुटतो. पावसाळी हवेत तो ओलावा शोषतो, शिंग नरम पडते, कंडरा सैलावते आणि धनुष्याचे खेचबळ, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, घटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा उलट घडते: अति वाळलेला सरस ठिसूळ होतो आणि शिंग लाकडापासून सुटू शकते. भारतात 17व्या-18व्या शतकांत पूर्ण पोलादी धनुष्ये बनली त्यामागे, शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवली तरी पावसाने न बिघडणारे हत्यार हवे होते, हे कारण सांगितले जाते. त्याची किंमत मात्र वेगात मोजावी लागली. एक किलो स्प्रिंगच्या पोलादात सुमारे 130 ज्यूल ऊर्जा साठते. शिंगात सुमारे 1500 आणि कंडरेत सुमारे 2500. पोलादी भुजा जड असल्याने सुटताना स्वतःलाच हलवण्यात बरीच ऊर्जा खर्च करते आणि बाणाच्या वाट्याला कमी येते.

फायबरग्लास इथे उपयोगी पडते. एपॉक्सीत बसवलेल्या काचतंतूंची ऊर्जा साठवण्याची क्षमता दर किलोला 4000 ज्यूलच्या वर जाते आणि ओलाव्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून शिंगाच्या जागी तितक्याच जाडीची काचपट्टी लावावी, असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण तसे केले तर कोणालाही न ओढता येणारा दांडका तयार होतो. काचपट्टीचा ताठरपणा शिंगाच्या आठ पट धरला, तर भुजेचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलत असल्यामुळे भुजा निम्म्या जाडीची करावी लागते. भुजा निम्मी झाली की त्याच बाकासाठी पृष्ठभागाला निम्मेच ताणावे लागते, म्हणून शिंगाइतकी न लवचणारी काचही चालून जाते. थोडक्यात, सामग्री बदलली की धनुष्याची संपूर्ण मापे नव्याने मांडावी लागतात. जुन्या कमानीची हुबेहूब नक्कल काचेत उतरवता येत नाही. गाभ्यासाठी अनेक कारागीर बांबूच वापरतात. त्याच्या सालीजवळ तंतू दाट असतात आणि वजन कमी भरते.

एपॉक्सीबाबत मात्र एक सावधगिरी खानदेशातल्या माणसाने विशेष बाळगावी. साध्या तापमानाला घट्ट होणारी बरीच एपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान सहज तिथे पोहोचते. त्यावर उपाय म्हणजे जोडकाम उष्णतेत पक्के करणे. प्लायवूडच्या पेटीत काही जुने पिवळे दिवे आणि एक थर्मोस्टॅट बसवला की काम भागते. साच्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले धनुष्य त्या पेटीत काही तास, एपॉक्सी बनवणाऱ्याने सांगितलेल्या तापमानाला ठेवतात. शिंगाचा पृष्ठभाग आधी खरखरीत घासून अॅसिटोनने तेलकटपणा काढला नाही, तर कितीही चांगली एपॉक्सी सोलून निघते. काचेची आणि कार्बनची धूळ फुफ्फुसांना घातक असल्यामुळे मास्कशिवाय घासकाम करू नये.

तिसरा मार्ग मिश्रणाचा आहे आणि व्यक्तिशः मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शिंग आणि लाकूड एपॉक्सीने जोडावे, कारण तिथे केवळ पकड हवी असते. कंडरा मात्र सरसानेच बसवावी, कारण एपॉक्सी फारशी आकसत नाही आणि तंतूंना तो उलट बाक देत नाही. कंडरा पूर्ण वाळल्यावरच वॉर्निश लावावे. घाई केली तर आतला ओलावा आतच अडकतो. कोरियातील धनुर्धर आजही दोन्ही प्रकारांनी 145 मीटरवरील लक्ष्याचा वेध घेतात: शिंगाचे पारंपरिक धनुष्य उबदार पेटीत जपून ठेवतात, तर कृत्रिम सामग्रीच्या सुधारित धनुष्याला असे लाड लागत नाहीत.

हिवाळ्यात बांधलेल्या धनुष्याचे खेचबळ एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, एकाच ताणकाट्यावर, एकाच लांबीपर्यंत ओढून मोजावे. शिंग-कंडरेच्या धनुष्यात ऑगस्टचा आकडा खाली घसरतो, काचेच्या धनुष्यात तो जवळपास जागच्या जागी राहतो, आणि मिश्र धनुष्याचा आकडा या दोहोंमध्ये कुठे येतो त्यावरून वॉर्निशचा आणखी एक हात द्यायचा की नाही ते ठरवता येते.