अळू

अळू ही सुरणाच्या कुलातील (ॲरेसी) बहुवर्षायू वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा असे आहे. तिला हिंदीत अरवी किंवा घुइयाँ, बंगालीत कचू, ओडियात सारू, कन्नडमध्ये केसू, मल्याळममध्ये चेंबू आणि तमिळमध्ये सेप्पंकिळंगू म्हणतात. पॅसिफिक बेटांवरून जगभर गेलेले तिचे नाव टारो. मराठीत पानाला अळू आणि जमिनीखालच्या लहान कंदांना अळकुड्या अशी दोन वेगळी नावे आहेत, आणि हा फरक नुसता बोलण्यातला नाही. अळवाचे शेकडो वाण असले तरी ते बहुतेक एकाच जातीचे आहेत. झाडाचा कोणता भाग खायचा हे ज्या त्या प्रदेशातील लोकांनी ठरवले आणि त्याप्रमाणे कोणी पानासाठी, कोणी देठासाठी, कोणी मधल्या मोठ्या गड्ड्यासाठी तर कोणी त्याला लागलेल्या पिल्लांसाठी रोपे निवडत नेली. म्हणून अळवाचा वाण ओळखताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात : त्याचे काय खातात आणि त्याच्या मुळाशी पाणी किती असते.

अळवाचे खोड जमिनीखाली असते. वर दिसतात ते एक ते दीड मीटरपर्यंत वाढणारे मांसल, सच्छिद्र देठ आणि त्यांच्या टोकाशी खाली झुकलेली ढालीसारखी पाने. देठ पानाच्या कडेला खाचेत जोडलेला नसून थोडा आत, पाठीला जोडलेला असतो. दक्षिण अमेरिकेकडून आलेले झँथोसोमा अळवासारखेच दिसते, पण त्याचा देठ पानाच्या खाचेत, अगदी काठाला जुळतो. पान उलटे करून पाहिले की दोहोंतला फरक कळतो. अळवाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचा थर असतो. पाण्याच्या थेंबाखाली हवा अडकून राहते, थेंब पसरत नाही, पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीला मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात ते यामुळेच. पहाटे पानाच्या टोकाशी जो थेंब लोंबताना दिसतो तो मात्र पुष्कळदा दवाचा नसतो. मुळांनी रात्रभर ओढलेले जादा पाणी पानाच्या टोकावरील रंध्रांतून बाहेर पडत असते.

अळवाला फुले क्वचितच येतात. पिवळट आवरणातील दांडीवर नर व मादी फुले असतात आणि त्यांचे परागण कोलोकेशियोमायिया या वंशाच्या बारीक माश्या करतात. शेतात मात्र बियांचा काही उपयोग होत नाही. लागवड नेहमीच कंदापासून किंवा फुटव्यापासून होते. याचा अर्थ असा, की एखाद्या परसातले अळू हे मूळ झाडाचाच वाढत आलेला तुकडा असतो. त्या घराने ते लावणे सोडले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फुटवा गेलेला नसला, तर तो वाण तिथेच संपतो.

दक्षिण व आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतचा उष्ण, ओला पट्टा हे अळवाचे मूळ क्षेत्र मानले जाते. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील कुक येथील दलदलीत सापडलेल्या दगडी हत्यारांवर अळवाच्या पिठाचे कण मिळाले असून ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. या स्थळाचा समावेश २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. इजिप्तमध्ये अळवाला कुलकास आणि सायप्रसमध्ये कोलोकासी म्हणतात. कोलोकेशिया हे वंशनाम याच जुन्या शब्दाशी नाते सांगणारे आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये अळवाच्या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या. पुढे १८३२ मध्ये हाइनरिख शॉट यांनी त्यांना कोलोकेशिया वंशात आणले, आणि आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही मिळून एकच जाती मानतात.

तरीही लिनीअसने पाहिलेला फरक शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा आहे. पहिल्या गटाला डॅशीन म्हणतात. यात मधला एकच गड्डा मोठा, कधी कधी अनेक किलोंचा होतो आणि बाजूची पिल्ले थोडी असतात. पॅसिफिक बेटांवरचे अळू बहुतेक या गटातले. दुसरा गट एडो. यात मधला गड्डा बेताचा राहतो आणि त्याच्याभोवती अंड्याएवढ्या अळकुड्यांचा घोस लागतो. आपल्या बाजारातली अरवी आणि जपानमधील सातोइमो या गटात येतात. डॅशीन गटातील वाणांत सामान्यतः २८ गुणसूत्रे असतात, तर एडो गटात ४२ गुणसूत्रांचे त्रिगुणित (दोनऐवजी गुणसूत्रांचे तीन संच असलेले) वाण पुष्कळ आढळतात. डॅशीनला पाणी अधिक लागते. एडो थोडी थंडी आणि थोडी कोरड सोसतो, म्हणूनच तो जपानपर्यंत उत्तरेला जाऊ शकला.

कोकण आणि घाटमाथ्यावरचे लोक अळवाची वर्गवारी स्वयंपाकाच्या अंगाने करतात, आणि ती शास्त्रीय वर्गवारीइतकीच नेमकी आहे. वडीच्या अळवाचे देठ काळपट जांभळे, पान गडद, जाड आणि मोठे असते. ते गुंडाळताना फाटत नाही. भाजीच्या अळवाचा देठ फिकट हिरवा, पान पातळ आणि लवकर शिजणारे असते. पावसाळ्यात ओहोळांच्या कडेने आपोआप उगवणारे रानअळू म्हणजे तेरे. ते अधिक खाजरे असले तरी आंबट घालून आवडीने खातात. झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या शेवाळात आणि पालापाचोळ्यात वाढणारे रुखाळू ही मात्र वेगळी जाती आहे, रेमुसेशिया व्हिव्हिपॅरा. त्याच्या दांड्यांवर आकड्यांसारखे काटे असलेल्या बारीक कळ्या येतात, त्या सालीला किंवा प्राण्यांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या झाडावर पोचतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे पान धरतात. रुखाळूच्या वड्यांना कोकणात आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर विशेष मान आहे. माणसाहूनही उंच वाढणारे आणि पाने आकाशाकडे रोखणारे कासाळू (ॲलोकेशिया) हेही या कुलातले; बंगालमधील मानकचू ते हेच.

या सगळ्यांत समान असलेली गोष्ट म्हणजे खाज. अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात; पान किंवा कंद कच्चा चावला की त्या सुया जिभेत आणि घशात रुततात. हे स्फटिक उकळत्या पाण्यात विरघळत नाहीत, तरीही नीट शिजवलेले अळू खाजत नाही. म्हणून सुयांबरोबर एखादे प्रथिनद्रव्यही दाह करत असावे आणि ते उष्णतेने निकामी होत असावे, असे मानले जाते. मराठी स्वयंपाकघराने यावर चिंच, आमसूल, आंबट चुका आणि ताक ही उत्तरे शोधली आहेत. अळवाच्या भाजीत आंबट हे चवीपुरते घालायचे नसते, ते त्या भाजीचा पायाच असते. अळू चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचे पाणी लावतात तेही यासाठीच. मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी पाने बेतानेच खावीत.

लागवडीच्या दृष्टीने अळू हे उष्ण आणि ओल्या हवेचे पीक आहे. त्याला २१ ते २७ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा थोडे अधिक तापमान, भरपूर पाऊस किंवा त्याच्या बरोबरीचे सिंचन आणि किंचित आम्ल, साधारण ५·५ ते ६·५ सामूची (पीएच), सेंद्रिय द्रव्याने भरलेली जमीन मानवते. धुके त्याला चालते, गोठलेले दहिवर मुळीच चालत नाही. देठ आणि मुळे यांत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे भातासारखे ते पाण्यात उभे राहू शकते. पण ते पाणी वाहते आणि थंड असावे लागते. साचलेल्या, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि गड्डा कुजतो. हवाईतील लोकांनी डोंगरातले झरे पाटांनी वळवून, एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सतत उतरत राहील अशी लोई नावाची खाचरे बांधली, त्याचे कारण हेच. कोकणातल्या घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारे अळूही याच गुणावर जगते : जागा सावलीची आणि पाणी रोजचे, पण वाहून जाणारे.

शेतातील लागवड आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर करतात. सुमारे २० ते २५ ग्रॅम वजनाच्या निरोगी अळकुड्या ६० × ४५ सेंमी. अंतरावर सरी-वरंब्यावर लावतात. या हिशोबाने हेक्टरी सुमारे ३७,००० रोपे बसतात आणि बेणे एक टनाच्या आत लागते. भरपूर शेणखत, पहिल्या दोन-तीन महिन्यांत खुरपणी आणि मातीची भर ही मुख्य कामे. मातीची भर वेळेवर दिली नाही तर अळकुड्या पोसण्याऐवजी फुटवे वर निघतात आणि जोर पानाला जातो. पानासाठी लावलेल्या अळवात हेच हवे असते, म्हणून तिथे बाहेरची पाने सतत काढतात आणि आतल्या कोवळ्या गाभ्याला हात लावत नाहीत. अळकुड्यांचे पीक सहा ते आठ महिन्यांत, पाने पिवळी पडून सुकू लागली की काढतात. डॅशीनचे वाण याहून अधिक काळ जमिनीत राहतात.

तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने श्री रश्मी, श्री पल्लवी आणि श्री किरण हे वाण दिले असून तिच्या भुवनेश्वर केंद्राचा मुक्तकेशी हा वाण करपा या पानांच्या रोगापुढे तग धरतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी कोकण हरितपर्णी हा वाण प्रसारित केला आहे.

अळवाचा सर्वांत मोठा शत्रू फायटोफ्थोरा कोलोकेशिए या बुरशीसदृश जीवाचा करपा. सततचा पाऊस आणि उबदार रात्री असल्या की पानावर पाण्याने भिजल्यासारखे ठिपके पडतात, ते वलयांनी वाढत जातात आणि आठवड्याभरात पान लोंबून पडते. सामोआत १९९३ मध्ये हा रोग पोचला तेव्हा तिथली बहुतेक लागवड ‘निउए’ या एकाच लोकप्रिय वाणाची होती, आणि तोच वाण रोगाला अत्यंत बळी पडणारा निघाला. एक-दोन वर्षांत देशाची अळवाची निर्यात जवळजवळ थांबली. पुढे पलाऊ, मायक्रोनेशिया आणि आशियातील सहनशील वाणांशी संकर करून नवे वाण तयार करावे लागले. जे एकाच कंदाच्या तुकड्यांतून वाढते त्याची रोगापुढची दुर्बलताही सगळीकडे सारखीच असते. परसापरसातले वेगवेगळे अळू टिकवणे किती निकडीचे आहे हे यापेक्षा स्पष्टपणे कोणत्या उदाहरणाने दिसणार?

हवाईत अळवाला कालो म्हणतात आणि तो लोकांचा थोरला भाऊ मानला जातो. आकाशपिता वाकेआच्या मृत जन्मलेल्या पहिल्या मुलाला पुरले तिथून कालो उगवला आणि त्याच्यामागून जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज झाला, अशी कथा आहे. म्हणूनच तिथल्या विद्यापीठाने तीन संकरित वाणांवर पेटंट घेतले तेव्हा भावाची मालकी कोणी घेऊ शकत नाही अशा भावनेने लोक उभे राहिले आणि २००६ मध्ये विद्यापीठाने ती पेटंटे सोडून दिली. तिथे शिजलेला गड्डा दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून पोई करतात; ती ताजी किंवा आंबवून खातात. अळवाच्या पिठाचे कण फारच बारीक असल्यामुळे ते सहज पचते, आणि लहान मुलांना व आजाऱ्यांना पोई देतात ती यामुळेच. बंगालात कचूची धावती खोडे, म्हणजे लती, सुक्या कोळंबीबरोबर शिजवतात. त्रिनिदादमध्ये पानांचे कालालू नावाचे कालवण होते.

महाराष्ट्रात अळवाची दोन रूपे मोठी आहेत. लग्नाच्या पंगतीत वाढली जाणारी अळवाची पातळ भाजी, म्हणजे फदफदे, हे एक. त्यात पाने आणि सोललेले देठ चुक्याबरोबर शिजवून घोटतात आणि हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ घालतात. कोकणात ओले काजूही पडतात. दुसरे रूप अळूवडी. पान पाटावर उलटे ठेवून पाठीवरच्या जाड शिरा सुरीने तासतात किंवा लाटण्याने दाबून सपाट करतात, त्यावर चिंच-गूळ, तिखट, हिंग घातलेले सरसरीत बेसन हाताने पसरतात, वर दुसरे पान उलट दिशेने ठेवतात, आणि चार-पाच पानांचा थर झाला की दोन्ही कडा आत दुमडून घट्ट उंडा वळतात. उंडा वाफवून, पूर्ण गार झाल्यावर कापून तळतात. गरम असताना कापला तर पदर सुटतात. गुजरातेत याचाच पात्रा होतो आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर बेसनाऐवजी वाटलेले तांदूळ लावून पत्रोडे करतात. उरलेल्या देठांची दही घालून देठी होते. गोव्यात कंदाला माडी म्हणतात आणि तिचे काप तळतात.

भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलांच्या श्रमाचे काही खायचे नसते. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अळवाची पाने, देठ आणि कंद हक्काने येतात, कारण ते नांगराशिवाय परसात वाढलेले असतात.

काढणीनंतर मोठा गड्डा आणि अळकुड्या वेगळ्या करतात, माती झटकतात पण धुत नाहीत. पुढच्या लागवडीसाठी मध्यम आकाराच्या, कोंब शाबूत असलेल्या अळकुड्या निवडून त्या सावलीत, कोरड्या वाळूच्या थरात ठेवतात. उन्हाळ्याच्या शेवटी कोंब पांढरा होऊन फुगू लागला की लागवडीची वेळ झाली असे समजतात.