विक्रम उतरला, त्याचा वेग-काल आलेख

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता, तेव्हा इस्रोच्या पडद्यावर दोन आकडे झरझर बदलत होते: आडवा वेग आणि उभा वेग. हेच आकडे काळासमोर मांडले की नववीच्या विज्ञानातला वेग-काल आलेख तयार होतो. फळ्यावरच्या काल्पनिक मोटारीपेक्षा मला हे उदाहरण कितीतरी आवडतं, कारण इथे काढलेलं उत्तर पडताळून बघता येतं.

इस्रोच्या आराखड्यानुसार उतरण्याचा पहिला टप्पा ६९० सेकंदांचा होता. सुरुवातीला उंची ३० किलोमीटर आणि आडवा वेग सेकंदाला १६८० मीटर. टप्प्याच्या शेवटी हा वेग ३५८ मीटर. दोन बिंदू जोडले की रेषा खाली झुकते, आणि बरीच मुलं इथेच फसतात. रेषा उतरली म्हणजे यान मागे फिरलं, असं त्यांना वाटतं. पण रेषा शून्याच्या वर आहे तोवर यान पुढेच चाललंय, फक्त हळू होत.

रेषेचा चढ म्हणजे वेगातला फरक भागिले वेळ. १३२२ भागिले ६९०, म्हणजे दर सेकंदाला वेग सुमारे १.९ मीटर प्रतिसेकंदाने कमी. चिन्ह ऋण, म्हणून हे मंदन. चंद्राचं गुरुत्वत्वरण १.६ आहे, त्याहून थोडंसंच जास्त. एवढ्या नाट्यमय उतरणीत ब्रेक तसा बेताचाच होता म्हणायचा!

आता क्षेत्रफळ. पुढच्या १० सेकंदांच्या छोट्या टप्प्यात उभा वेग सेकंदाला साधारण ६० मीटर होता, जवळपास स्थिर. आलेखात हा आयत दिसतो: रुंदी १०, उंची ६०, क्षेत्रफळ ६००. त्या टप्प्यात यानाची उंची ७.४ किलोमीटरवरून ६.८ वर आली, म्हणजे ६०० मीटरच. सेकंद गुणिले मीटर प्रतिसेकंद केलं की सेकंद कटतात, मीटर उरतात. वेग बदलता असेल तर आलेखाच्या अगदी बारीक उभ्या पट्ट्या पाडायच्या. एका पट्टीपुरता वेग बदलतोच कितीसा? प्रत्येक पट्टी जवळजवळ आयत, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ.

पहिल्या टप्प्यात रेषेखाली समलंब चौकोन आहे. १६८० आणि ३५८ची सरासरी १०१९, गुणिले ६९०: सुमारे ७०३ किलोमीटर. इस्रोचा आकडा ७१३च्या आसपास आहे. मधले दहा किलोमीटर गेले कुठे? आपण रेषा सरळ धरली, तिथे. इंधन जळेल तसं यान हलकं होतं आणि तेवढाच जोर त्याला जास्त रोखतो. म्हणून खरी रेषा आधी सौम्य आणि नंतर तीव्र उतरणारी, म्हणजे वरच्या बाजूला फुगलेली असणार. त्या फुगवट्याखाली जास्तीचं अंतर मावतं.

त्याच ६९० सेकंदांत उभा वेग मात्र शून्यापासून साठीपर्यंत वाढत गेला. एकाच यानाचे दोन आलेख, एक उतरता, एक चढता. दुसऱ्याखालचा त्रिकोण २०.७ किलोमीटर देतो, प्रत्यक्षात यान २२.६ किलोमीटर खाली आलं. रेषा सरळ धरल्याची चूक इथेही आहेच.

सप्टेंबरात विक्रमने इंजिनं पेटवून एक छोटी उडी मारली, साधारण ४० सेंटिमीटर उंच. वरची दिशा धन धरली तर उभ्या वेगाची रेषा आधी अक्षाच्या वर, मग खाली. ती अक्षाला छेदते तो क्षण सर्वांत उंच बिंदूचा. तिथे वेग शून्य, पण चढ शून्य नाही; असता तर विक्रम तिथेच तरंगत राहिला असता. अक्षाच्या वरचं क्षेत्रफळ ४० सेंटिमीटर, खालचं उणे ४०. चिन्हांसकट बेरीज केली तर उभं विस्थापन शून्य, चिन्हं सोडली तर कापलेलं अंतर ८० सेंटिमीटर. उडीत तो तीसेक सेंटिमीटर बाजूलाही सरकला, पण त्यासाठी आडव्या वेगाचा आलेख वेगळा काढावा लागेल.