पार्श्वभूमी : ग्रीन बिल्डिंगच्या कामात माणसं येतात कुठून

आर्किटेक्चरच्या चौथ्या-पाचव्या वर्षातल्या मुलांना 'ग्रीन बिल्डिंगमध्येच, म्हणजे कमी वीज-पाण्यात चालणाऱ्या इमारतींच्या कामात, पुढे का जायचंय?' असं विचारलं की पहिलं उत्तर घोकलेलं असतं. हवामानबदल, पुढच्या पिढ्या वगैरे. चहा संपेपर्यंत थांबलं की दुसरं उत्तर येतं, आणि ते बहुतेक वेळा स्वतःच्या घराचं असतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये मे महिन्यात रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागते. घरात एसीच्या बिलावरून कटकट आणि खाली गेटपाशी पाण्याचा टँकर. हे बघत वाढलेली मुलं आज कॉम्प्युटरवर इमारतीत किती ऊन शिरतं याचं गणित मांडतात. ठाणे आणि नवी मुंबईत या पेशाकडे वळण्याचं कारण पुस्तकापेक्षा घराच्या भिंतीतच जास्त सापडतं, असं माझं मत आहे. खालची हकिगतही मी त्याच बाजूने सांगणार आहे.

ठाण्याजवळच्या डोंगरातल्या येऊरच्या पाड्यांवरच्या कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीचं लिंपण, ओटा-पडवी, 1865 पासून कारखान्यात बनू लागलेली मंगलोरी कौलं, हे सगळं प्रत्येक सादरीकरणाच्या दुसऱ्या स्लाइडवर असतंच. इथे पुन्हा नको. एवढंच की कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते म्हणून त्या घरात दुपारी बसवतं, पण पावसाच्या तोंडावर दरवर्षी शाकारणी करावी लागते. ती करणारा माणूस आता शोधूनही मिळत नाही, हे त्या स्लाइडवर नसतं.

खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवं शहर वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको हे महामंडळ निघालं. सुरुवातीच्या बांधकामात पैसा कमी आणि विचार जास्त होता. त्याचा कळस म्हणजे बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, बांधकाम 1983 ते 1986. सुमारे 6 हेक्टरांत साडेपाचशे घरं, सगळी बैठी किंवा एकमजली. साधारण 8 मीटर बाय 8 मीटरच्या चौकाभोवती सात घरं, असे तीन चौक मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. शेजारच्या घराशी भिंत सामायिक नाही, कारण पैसे जमतील तसं प्रत्येकाने आपलं घर वाढवावं अशी कल्पना. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मूळ घरं आता शोधावी लागतात, बाकीच्यांच्या जागी दोन-तीन मजली बंगले आले. तरी दर हिवाळ्यात कॉलेजांच्या सहली येतात, मुलं चौकात उकिडवी बसून स्केच काढतात. आम्ही गेलो होतो तेव्हा एका आजोबांनी दार उघडून विचारलं होतं, "मोजायला आलात? रिडेव्हलपमेंट आहे का?" आमच्या बॅचमधल्या निदान चौघांनी त्या चौकात बसून ठरवलं की टॉवरच्या धंद्यात जायचं नाही. त्यातले दोघे आज टॉवरच काढतात, ते सोडा.

त्याच शहराचं दुसरं धडे देणारं ठिकाण म्हणजे होल्डिंग पाँड. जमीन सखल, भरती खाडीतून वर येणारी. म्हणून नेदरलँड्सच्या पद्धतीने तळी ठेवली. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तळ्यात साठायचं, ओहोटीला खाडीत सोडायचं. पुढे गाळ साचला आणि गाळावर कांदळवन उगवलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि ठाण्या-मुंबईच्या एका अख्ख्या पिढीला नाल्याचा उतार म्हणजे काय ते कळलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाच्या तोडीला चाप बसला. झालं असं, की पूर अडवणारं तळं उपसायचं तर पूर अडवणारं कांदळवन तोडावं लागणार. या पेचात सापडलेल्या तरुण अभियंत्यांपैकी काही जण पुढे पाण्याच्या नियोजनातच स्थिरावले. हा पेच अजून सुटलेला नाही.

सरकारी बाजू थोडक्यात अशी. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, 2003 मध्ये हैदराबादच्या एका इमारतीला अमेरिकी पद्धतीचं प्लॅटिनम मानांकन (ग्रीन इमारतीला मिळणारा सगळ्यात वरचा दर्जा), 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जासंहिता (वीज कमी लागावी म्हणून बांधकामाचे नियम) आणि त्याच सुमारास देशी 'ग्रिहा' मानांकनाला मान्यता. या चार-सहा वर्षांत 'ग्रीन बिल्डिंग कन्सल्टंट' हे शब्द व्हिजिटिंग कार्डावर आले. त्याआधी असलं काम करणाऱ्याला ऑफिसात 'झाडंवाला' म्हणायचे.

खरा वाद पुढचा आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली, आणि ठाण्यासारख्या शहरांत मानांकन घेणाऱ्या इमारतीला मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या किती पट बांधता येतं त्या प्रमाणावर) वाढीव एफएसआयचं बक्षीस मिळू लागलं. खालच्या पायरीला 3 टक्के, मधल्याला 5, वरच्याला 7. चार हजार चौरस मीटरचा भूखंड आणि 1.1 चा मूळ एफएसआय धरा. 7 टक्के म्हणजे 308 चौरस मीटर, जवळपास 3,300 चौरस फूट. तीन-चार फ्लॅट म्हणा. घोडबंदरच्या भावात त्या फ्लॅटांची किंमत मानांकनाच्या सगळ्या खर्चाला पुरून उरते. नियम आला आणि बिल्डर स्वतःहून फोन करू लागले. ज्यांनी पंधरा वर्षं त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्यांना हा चमत्कारच वाटला.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. उपदेशाने ऊन अडवणारा एकही छज्जा लांब झाला नव्हता, नफ्याने झाला. शेवटी ठरलेलं मानांकन मिळालं नाही तर वाढीव एफएसआयवर रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) जमीनदराच्या दुप्पट दंड आहे, म्हणजे अगदीच मोकळं रान नाही. पण कमी वीज, कमी पाणी वापरण्याचं वचन देणाऱ्या इमारतीला बक्षीस काय, तर आणखी बांधकाम. आणखी सिमेंट, आणखी गाड्या, त्याच रस्त्यावर आणि त्याच जलवाहिनीवर. डाएटवर आहे म्हणून दोन लाडू जास्त. शिवाय तपासणी होते ताबा देतानाच्या टप्प्यावर. तीन वर्षांनी सांडपाणी प्रक्रियेचा प्लांट चालू आहे की सोसायटीने वीजबिल वाचवायला बंद ठेवलाय, हे त्या कागदाला कळत नाही. मी असे बंद प्लांट पाहिलेत, पंपावर नवरात्रीच्या मंडपाचं सामान ठेवलेलं.

या नियमाने पेशात येणाऱ्यांचा चेहराही बदलला. पूर्वी येणारा थोडा हट्टी असायचा आणि घरच्यांशी भांडून यायचा. आता नोकरी आहे, पगार बरा आहे, आईवडील हरकत घेत नाहीत. दिवसभर क्रेडिटचे, म्हणजे मानांकनाच्या गुणांचे, तक्ते भरायचे असतात. यात वाईट काही नाही. फक्त 'प्रेरणा' हा शब्द वापरताना 2020 च्या आधीचे आणि नंतरचे एका पंगतीत बसवू नयेत.

शब्दाचाही घोळ आहे. 'सस्टेनेबल'ला आपण 'शाश्वत' म्हणतो. कीर्तनात देह अशाश्वत असतो, शाश्वत असतो तो फक्त पांडुरंग. आता वाशीला या. सेक्टर 9-10 मधल्या जेएन-1, जेएन-2 नमुन्याच्या इमारती पुरत्या म्हाताऱ्या व्हायच्या आधीच धोकादायक ठरल्या. छताचं प्लास्टर जेवणाच्या ताटात पडायचं. अशा मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी 2015 मध्ये अडीच एफएसआय मंजूर झाला, आणि पुनर्विकासाचे बोर्ड लागले. चार मजले पाडून त्याजागी उंच टॉवर उभा करायचा आणि त्याला शाश्वत म्हणायचं, हे मराठीत तरी कानाला खटकतं. मला 'टिकाऊ' हा शब्द बरा वाटतो. बाजारात भांड्यांना, चपलांना लावतो तोच. पण टिकाऊ म्हटलं की गिऱ्हाईक लगेच विचारतं, किती वर्षं? कदाचित म्हणूनच तो ब्रोशरमध्ये येत नाही.

घरांसाठीची ऊर्जासंहिता आली ती 2018 च्या डिसेंबरात. तिच्यातले दोन आकडे आपल्याकडे कामाचे. आपल्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यात घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या (आतल्या वापरायच्या जागेच्या) किमान 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, खिडक्या-दारांची उघडणारी जागा हवी. आणि भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला 15 वॉटच्या वर जाऊ नये. पहिल्या आकड्याशी स्लायडिंग खिडकीचं भांडण आहे, कारण ती निम्मीच उघडते. दुसऱ्याशी मायवन पद्धतीच्या भिंतीचं. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सहा इंची काँक्रीटची भिंत पटकन उभी राहते, पण जुन्या नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा उष्णता सहज आत सोडते. लेखाच्या सुरुवातीची ती रात्रीची भिंत याच जातीची.

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी रुजू झालेली मुलगी वाशीच्या अशाच एका जुन्या इमारतीत वाढली. इमारत रिकामी करायच्या आठवड्यात ती टेप घेऊन घरी गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा छज्जा मोजून आली. दोन फूट. सोसायटीला दाखवलेल्या नव्या टॉवरच्या नकाशात त्या बाजूला छज्जा आहे का, असं मी विचारलं. तिने फाइल उघडून दाखवली. दर्शनी सजावटीची चार इंचांची पट्टी होती, आणि शेजारी लिहिलं होतं 'एलिव्हेशन ट्रीटमेंट'.