बँकेचा परवाना रद्द झाला तर ठेव परत कशी मिळते: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नागरी सहकारी बँकेच्या दारावर रिझर्व्ह बँकेची नोटीस लागली की गावभर एकच वाक्य फिरतं: बँक बुडाली. पण आधी ती नोटीस शांतपणे वाचा, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टींपैकी एक लिहिलेली असते. एक, बँकेवर निर्बंध आलेत. दोन, बँकेचा परवाना रद्द झालाय. दोन्ही वेळा ५ लाखांपर्यंतची ठेव विम्याखाली येते, पण अर्ज कोणाकडे द्यायचा आणि पैसे कधी येणार हे वेगळं असतं.

निर्बंध म्हणजे बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खालचे आदेश. बँक उघडी असते, पण नवीन ठेव घेता येत नाही, नवीन कर्ज देता येत नाही आणि खात्यातून ठरावीक रकमेपेक्षा जास्त काढता येत नाही. कधीकधी यातून बँक दुसऱ्या बँकेत विलीन होते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. पण पुण्याच्या रुपी बँकेचं तसं झालं नाही. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. विम्याचे पैसे परवाना रद्द झाल्यावर किंवा विलीनीकरण झाल्यावरच मिळायचे, त्यामुळे मधली सगळी वर्षं ठेवीदार अडकून पडायचे. म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्याच पैशासाठी असं ताटकळावं हे मला आजही अस्वस्थ करतं.

१ सप्टेंबर २०२१ पासून हे बदललं. ठेव विमा कायद्यात कलम १८अ आलं. आता सर्वसमावेशक निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायला हवी. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी विमा देणाऱ्या महामंडळाकडे पाठवते, पुढच्या ३० दिवसांत तपासणी होते आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे जमा होतात. विलीनीकरणाचा प्रस्ताव असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

हे पैसे आपोआप येत नाहीत. ‘मला विम्याची रक्कम हवी आहे’ असं संमतीपत्र शाखेत द्यावं लागतं आणि ते त्या पहिल्या ४५ दिवसांत यादी बनण्याआधी पोचलं पाहिजे. ‘बघू, बँक काय म्हणते’ म्हणून थांबलेली माणसं पहिल्या यादीतून हमखास सुटतात.

विमा देते ती संस्था म्हणजे ठेव विमा व पत हमी महामंडळ, म्हणजेच डीआयसीजीसी. ती रिझर्व्ह बँकेचीच उपकंपनी आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून एक पैसाही घेता येत नाही. मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, त्याआधी १९९३ पासून ती १ लाखच होती.

आता पात्रता. बचत, चालू, मुदत आणि आवर्ती ठेवी विम्यात येतात. मर्यादा प्रत्येक खात्याला नाही, प्रत्येक ठेवीदाराला आहे, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. बचत खात्यात दीड लाख, मुदत ठेव ३ लाख आणि तिच्यावरचं व्याज ८० हजार असेल, तर बेरीज ५ लाख ३० हजार होते आणि हातात ५ लाख येतात. व्याज याच मर्यादेत मोजलं जातं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं चालू खातंही मालकाच्याच बेरजेत धरतात. भागीदारी फर्मचं खातं मात्र वेगळं.

संयुक्त खात्याचा नियम नीट समजून घ्या. तुमच्या एकट्याच्या नावावरची ठेव आणि तुम्ही-पत्नी अशी संयुक्त ठेव, या दोन्हींना वेगवेगळे ५ लाख मिळतात. पहिलं नाव तुमचं आणि दुसरं पत्नीचं अशा दोन पावत्या असतील तर त्या एकत्र धरतात. पण एका पावतीत पहिलं नाव तुमचं आणि दुसरीत पत्नीचं असेल, तर त्या वेगळ्या धरल्या जातात. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावानं पालक म्हणून चालवलेलं खातंही तुमच्या स्वतःच्या खात्यापासून वेगळं.

त्याच बँकेचं कर्ज असेल तर थकबाकी आधी ठेवीतून वळती करतात आणि उरलेल्या रकमेला विमा लागतो. ठेव ६ लाख आणि कर्ज २ लाख असेल, तर उरलेले ४ लाख पूर्ण मिळतात. वळती करूनही कर्ज उरलं तर ते माफ होत नाही, हप्ते भरावेच लागतात. बँकेचे शेअर, म्हणजे भागभांडवल, विम्यात येत नाही. लॉकरमधली वस्तू ही ठेव नाही, ती तुमची तुम्ही काढून घ्यायची. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. नाव, पाटी, पासबुक सगळं बँकेसारखं दिसलं तरी पतसंस्थेतल्या ठेवीला या महामंडळाचा विमा नाही.

परवाना रद्द झाला असेल तर रिझर्व्ह बँक राज्याच्या सहकार आयुक्तांना बँक अवसायनात काढायला, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला, आणि त्यासाठी अवसायक (लिक्विडेटर) नेमायला सांगते. मग बँकेचे सगळे व्यवहार अवसायकाच्या हाती जातात आणि दाव्याचा अर्ज त्याच्याकडे द्यायचा असतो. पदभार घेतल्यापासून ३ महिन्यांत त्यानं ठेवीदारांची यादी महामंडळाकडे द्यायची आणि यादी मिळाल्यापासून २ महिन्यांत महामंडळानं पैसे द्यायचे, असा कायदा आहे. महामंडळाकडे थेट अर्ज करून उपयोग नाही. निर्बंधांच्या काळात विम्याचे पैसे आधीच घेतले असतील तर ते ५ लाखांतून वजा होतात.

अर्जासोबत आधार आणि पॅनच्या स्वसाक्षांकित प्रती, पासबुकाची किंवा ठेव पावतीची प्रत, फोटो, चालू मोबाइल क्रमांक आणि दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या स्वतःच्या खात्याचा कॅन्सल चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान जोडा. पैसे त्या दुसऱ्या खात्यातच येतात. ज्यांचं सगळं आयुष्य एकाच बँकेत गेलं त्यांच्याकडे दुसरं खातंच नसतं, म्हणून पहिलं काम ते खातं उघडण्याचं. संयुक्त ठेवीवर सगळ्यांच्या सह्या घ्या.

मी लोकांना हे फॉर्म भरून देतो तेव्हा सगळ्यात जास्त अडतं ते नावात. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. किंवा वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत जोडली तर खिडकीवरचे दोन-तीन हेलपाटे वाचतात. अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. ती मागायला संकोच करू नका. पहिल्या यादीत नाव नसेल तर पुढच्या यादीसाठी भांडायला तोच कागद लागतो.

ठेवीदार हयात नसेल तर नॉमिनीनं मृत्यूचा दाखला आणि स्वतःची केवायसी देऊन अर्ज करायचा. नॉमिनी नोंदवलेला नसेल तर वारसांना आपला हक्क कागदानं सिद्ध करावा लागतो आणि तिथे वेळ जातो. म्हणून तुमची बँक आज धडधाकट असली तरी ठेव पावतीवर नॉमिनीची नोंद आहे का ते याच आठवड्यात बघून घ्या.

‘तुमचा दावा लवकर काढून देतो’ म्हणत टक्केवारी मागणाऱ्याला उभं करू नका. या अर्जाला कसलीही फी नाही आणि कोणालाही ओटीपी सांगावा लागत नाही.

५ लाखांवरची रक्कम मात्र अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून असते. तो कर्जं वसूल करतो, तारण विकतो, आणि महामंडळानं दिलेले पैसे त्यातून आधी परत करावे लागतात. म्हणून याला वर्षं लागतात. तोवर मूळ ठेव पावती कोणाच्याही ताब्यात देऊ नका, आणि पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर अवसायकाच्या कार्यालयाला लेखी कळवा.