गुडघेबदलानंतर त्वचा, स्नायुबंध आणि नसांच्या तक्रारी

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर रुग्ण आणि नातेवाईक यांचे लक्ष साहजिकच आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याकडे असते. परंतु सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्या भोवतालची त्वचा, स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि संवेदना व हालचालीच्या नसा यांनाही तितकेच जपावे लागते.

सर्वांत महत्त्वाची जखम. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला त्वचेखाली मांसाचा जाड थर नसल्यामुळे चिघळलेल्या जखमेतून संसर्ग कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत ड्रेसिंगवर थोडा लालसर डाग दिसणे स्वाभाविक आहे. मात्र पाच-सात दिवसांनंतरही ड्रेसिंग ओले होत असेल किंवा टाक्यांच्या कडेची त्वचा काळपट पडत असेल, तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या न घेता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच त्वरित दाखवावे. अशा वेळी डॉक्टरांनी जखम पाहेपर्यंत आम्ही फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवण्याचे व्यायाम थांबवतो, मग रुग्णांनी कितीही आग्रह केला तरी. मधुमेह, धूम्रपान आणि स्टेरॉइडची औषधे यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होणे ही नेहमीची बाब आहे, कारण छेद घेताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते. हा बधिरपणा हळूहळू कमी होतो, अनेकांमध्ये थोडा राहतोही. तोवर तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण चटका बसल्याचे कळत नाही. पाऊल घोट्यातून वर उचलता न येणे ही मात्र वेगळी आणि गंभीर गोष्ट असून ती त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावी. पडल्यानंतर किंवा एकाएकी पाय सरळ ठेवून उचलता येईनासा झाला, तर गुडघ्याच्या वाटीच्या वरचा किंवा खालचा स्नायुबंध तुटल्याची शंका घ्यावी आणि त्या पायावर भार देऊ नये. पोटरी दुखून सुजली तर तिला मालिश करू नये, डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

गुडघा आखडणे ही तक्रार सावकाश वाढते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवली जाते आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो; उशी ठेवायचीच असेल, तर टाचेखाली ठेवावी. नियमित व्यायाम करूनही सहा आठवड्यांत गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, तर डॉक्टरांची भेट लांबवू नये, कारण भूल देऊन सांधा मोकळा करण्याचा उपाय साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांतच अधिक गुणकारी ठरतो.