झेंडा दिसला की मनात काय हलतं, आणि ते मोजायचं कसं?

‘आपण’ आणि ‘ते’ असे दोन गट पडायला फार काही लागत नाही. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या 48 मुलांना 12 चित्रं दाखवली, सहा पॉल क्लेची आणि सहा कांडिन्स्कीची. सह्या झाकलेल्या होत्या. मुलांनी आपली आवड सांगितली आणि मग प्रत्येकाला एकट्याला कळवण्यात आलं की तू क्लेच्या गटात, किंवा तू कांडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात ही विभागणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती, आवडीशी तिचा काही संबंध नव्हता. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही कुणाला माहीत नव्हतं.

नंतर प्रत्येकाच्या हातात आकड्यांचे तक्ते आले. एका तक्त्यात 13 रकाने, प्रत्येक रकान्यात वर एक आकडा आणि खाली एक. वरचे गुण आपल्या गटातल्या कुणा एकाला, खालचे दुसऱ्या गटातल्या एकाला, आणि गुणांचे पुढे पैसे होणार. स्वतःला काहीच देता येत नाही. रकाने 7 आणि 1 पासून सुरू होतात, मध्ये 13 आणि 13 येतात, शेवटी 19 आणि 25. आपल्या गटाचं भलंच करायचं असेल तर शेवटचा रकाना निवडावा, 19 मिळतील. पण तेव्हा समोरच्यांना 25 जातात. पहिल्या रकान्यात आपल्याला फक्त 7, तरी सहा गुणांची आघाडी राहते. मुलांनी समान वाटपाकडे बऱ्यापैकी लक्ष दिलं, पण निवड मधल्या रकान्यावर न थांबता आघाडीच्या बाजूला झुकली. आपले दोन पैसे गेले तरी चालतील, त्यांच्यापेक्षा कमी नकोत! तक्ता असा रचला नसता तर ‘आपल्यांना जास्त’ आणि ‘त्यांच्यापेक्षा जास्त’ या दोन इच्छा वेगळ्या दिसल्याच नसत्या.

ताजफेल पोलंडमधले ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना ते जर्मनांच्या कैदेत पडले आणि फ्रेंच नागरिक म्हणून नोंद झाल्यामुळे वाचले. कुठल्या खान्यात नाव पडतं याला किती किंमत असते, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

या प्रयोगाचा अर्थ मात्र अनेकदा ताणला जातो. तोशियो यामागिशी आणि सहकाऱ्यांनी पुढे जपानमध्ये दाखवलं की आपल्याला मिळणारा मोबदला आपल्या गटाच्या हातात नाही हे कळलं की हा पक्षपात जवळपास नाहीसा होतो. म्हणजे त्यात ‘मी त्यांचं पाहतो, ते माझं पाहतील’ असा हिशेबही आहे. जर्मनीत अमेली मुमेंडाय यांनी पैशांऐवजी त्रासदायक आवाज वाटायला दिला, तेव्हाही पक्षपात बराच ओसरला. आपल्यांना झुकतं माप देणं आणि परक्यांना इजा करणं यांत मोठं अंतर आहे.

ते अंतर कधी पार होतं? 1954 मध्ये ओक्लाहोमात मुझफ्फर शेरिफ यांनी साधारण अकरा वर्षांच्या 22 मुलांचे दोन गट वेगवेगळ्या केबिनमध्ये ठेवले. गटांनी स्वतःच नावं घेतली, ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’, आणि झेंडेही केले. मग बक्षिसांच्या स्पर्धा सुरू झाल्या. रस्सीखेच हरल्यावर ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची परतफेड झाली. जाळलेल्या कापडाला जेमतेम काही दिवसांचा इतिहास होता. नंतर पाणीपुरवठा तुटला, तो दोघांनी मिळून दुरुस्त करावा लागला. बंद पडलेला ट्रक मिळून ओढावा लागला. अशा कामांनी वैर हळूहळू उतरलं. संशोधक स्वतः आगीत तेल ओतत होते ही टीका रास्त आहे. शिवाय आदल्या वर्षीचा असाच एक प्रयोग फसला होता, कारण ती मुलं एकमेकांवर उलटण्याऐवजी आयोजकांवरच संशय घेऊ लागली.

मग खऱ्या राष्ट्रध्वजाचं काय? तो नुसता दिसल्याने मत बदलतं का? हे तपासायला दोन गट करतात, एकाला ध्वज दाखवतात आणि दुसऱ्याला नाही. पण दुसऱ्याला कोरा पडदा दाखवला तर प्रयोग फुकट गेला, कारण फरक ध्वजामुळे पडला की भडक रंगामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून त्याच ध्वजाचे तुकडे इकडेतिकडे करून, रंग तेवढेच ठेवून आकृती मोडलेलं चित्र दाखवतात. सहभागी व्यक्तीला प्रयोगाचा हेतू कळता कामा नये, आणि ध्वज ओळखीचा असूनही लक्षात येऊ नये, म्हणून तो क्षणापेक्षा कमी काळ दाखवतात किंवा फोटोच्या पार्श्वभूमीत ठेवतात.

2007 मध्ये रान हासिन आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये असंच केलं. नकळत ध्वज दिसलेल्यांची राजकीय मतं दोन्ही टोकांकडून मध्याकडे सरकली. 2011 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात मात्र ध्वज पाहिलेले लोक रिपब्लिकन बाजूला झुकले, आणि एकदा पाहिल्याचा परिणाम आठ महिन्यांनीही टिकला असा दावा होता. या निष्कर्षाला खूप प्रसिद्धी मिळाली. पुढे ‘मेनी लॅब्ज’ या प्रकल्पात 36 ठिकाणच्या सहा हजारांहून जास्त लोकांवर मानसशास्त्रातले 13 निष्कर्ष पुन्हा तपासले गेले. सहभागींना काही फोटो दाखवून दिवसाची वेळ ओळखायला सांगायचं, काही फोटोंत ध्वज आणि काहींत तो पुसलेला, ही मूळ अभ्यासातलीच पद्धत वापरली. ध्वजाचा परिणाम दिसला नाही. मूळ संशोधकांनी आपली जमलेली माहिती वर्षांच्या क्रमाने लावली, तेव्हा परिणाम काळाबरोबर घटत गेल्याचं त्यांनाही आढळलं. काळ बदलला, की सुरुवातीचा आकडाच योगायोगाने फुगला होता? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. लहान नमुन्यात असे फुगवटे हमखास येतात.

एवढं तरी दिसतं की ध्वजातून ठरावीक असा एकच संदेश निघत नाही. कुणाच्या मनात तो सैनिकांशी जोडलेला असतो, कुणाच्या मनात संविधानाशी, कुणाच्या मनात एखाद्या पक्षाच्या सभेशी. त्या जोडण्या आधी विचारल्याशिवाय निकालाचा अर्थ लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

अभिमान मोजतानाही हीच गत होते. 1989 मध्ये रिक कोस्टरमन आणि सेमूर फेशबाख यांनी प्रश्नावलीतून दाखवलं की ‘माझं माझ्या देशावर प्रेम आहे’ अशा वाक्यांना होकार देणं आणि ‘माझा देश इतरांवर वरचढ असावा’ अशा वाक्यांना होकार देणं, या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. दोन्हींत काहीसा संबंध असतो, पण एकीवर वरचा गुण मिळवणारा दुसरीवर खाली असू शकतो. सर्वेक्षणाने दोन्ही प्रकारची वाक्यं एकाच बेरजेत घातली की निकालाला अर्थ उरत नाही. ‘तुम्हाला किती अभिमान आहे?’ या एका प्रश्नापेक्षा कशाचा ते विचारणं बरं. आंतरराष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षणात लोकशाही, अर्थव्यवस्था, खेळ, कला, विज्ञान, सैन्य, इतिहास अशी क्षेत्रं स्वतंत्र विचारली जातात. खेळाचा अभिमान भरपूर आणि राज्यकारभाराचा अजिबात नाही, असं उत्तर मग लपत नाही.

तारीखही पाहावी लागते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांमध्ये 2000 ते 2015 या काळातले 70 हून अधिक फुटबॉल सामने आणि त्यांच्या आगेमागे झालेल्या मुलाखती संशोधकांनी जुळवून पाहिल्या. राष्ट्रीय संघाने महत्त्वाचा सामना जिंकल्यावर पुढच्या काही दिवसांत ज्यांना विचारलं गेलं, ते सामन्याआधी विचारलेल्यांपेक्षा आपली जमात कमी वेळा पुढे करत होते आणि इतर जमातींवर जास्त विश्वास दाखवत होते. दोन्हीकडची माणसं त्याच देशातली होती, फरक मुलाखतीच्या दिवसाचा होता. राष्ट्रीय सणाच्या आठवड्यात घेतलेला आकडा एरवीच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर हे ध्यानात हवं.

आणि पर्याय किती दिले, हेही पाहावं. ‘देश की जमात?’ असं दोनांतून एक निवडायला लावलं तर बरेच लोक नाइलाजाने काहीतरी सांगतात, कारण दोन्ही ओळखी त्यांच्या अंगात एकाच वेळी असतात. जीन पियाजे यांना जिनिव्हातल्या लहान मुलांशी बोलताना आढळलं होतं की ‘मी जिनिव्हाचाही आणि स्विसही’ हे अगदी छोट्यांना पटत नाही, एकातून दुसरं वजा होतं असं त्यांना वाटतं. थोडं वय वाढलं की ही अडचण सुटते. दोनच पर्यायांचा प्रश्न मोठ्यांना पुन्हा त्या वयात नेऊन बसवतो. म्हणून स्पेन आणि स्कॉटलंडमध्ये पाच पायऱ्यांचा प्रश्न रुळला: फक्त प्रदेशाचा, देशापेक्षा प्रदेशाचा जास्त, दोन्हींचा सारखाच, प्रदेशापेक्षा देशाचा जास्त, फक्त देशाचा. त्यातही ‘सारखाच’ म्हणणाऱ्याला दोन्ही फार जवळचे आहेत की दोन्ही तितकेच दूरचे, हे कळत नाही. ते हवं असेल तर प्रत्येक ओळखीची ओढ शून्य ते दहाच्या पट्टीवर वेगवेगळी विचारावी लागते.